मैदानाची अदब

"मॅडम, ट्यूबलाइटी किती लागतील?"

उरूस कमिटीतल्या एका गृहस्थाने मला फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "का हो, मैदानात अंधार असतोय का?" तो जरा गडबडला. "न्हाई, मंजे, डोसक्यावर फोडायला. मागं एक कराटेवालं आलतं. त्यांनी ट्यूबा फोडल्या, कौलं फोडली, आन एका पोराच्या पोटावरनं मोटरसायकल नेली. लोकं अजून त्याचंच बोलत्यात."

मी त्याला सांगितलं की आमच्या मुली यातलं काहीही करणार नाहीत. पोटावरून गाडी नेल्याने कुणाचं काही शिक्षण होत असेल तर ते गाडी चालवणाऱ्याचं. मग त्याने अगदी मनापासून विचारलं, "मग मॅडम, तुमच्या पोरी करत्यात तरी काय?"

प्रश्न वाजवी होता. गेली कित्येक वर्षं मला तो कुणी ना कुणी विचारतंच.

मी कराडजवळच्या मलकापूरची. आमचं घर गाद्या-उशा भरणाऱ्यांचं. वडील कापूस पिंजायचे, आई खोळी शिवायची, आणि घरातल्या प्रत्येकाच्या केसांत कायम कापसाचे पुंजके अडकलेले असायचे. शाळेत असताना मी कराडात एका सरांकडे कराटे शिकायला लागले. सर पाटणकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी आम्हाला हात-पाय मारायला शिकवलं ते नंतर. आधी शिकवलं ते उभं कसं राहायचं, आत कसं यायचं, समोरच्याला नमस्कार कसा करायचा. फौजी माणूस, त्यामुळे ते याला डिसिप्लिन म्हणायचे. जपानी माणसाचा त्याला वेगळा शब्द आहे. आमच्या घरात त्याला अदब म्हणतात, आणि मी वर्गात हाच शब्द वापरते.

आईला त्या नमस्काराची काळजी होती. कमरेत वाकायचं म्हणजे कुणापुढे वाकायचं, हे तिला आधी कळायला हवं होतं. वडिलांनी पिंजणीवरून मान वर न करता विचारलं, "समोर कोण असतंय?" मी म्हटलं, जोडीदार. "मग सलाम हाय त्यो. माणसानं माणसाला केल्याला. त्यात काय बिघडतंय?" आईचं समाधान झालं की नाही कोण जाणे, पण तिने माझा पहिला पांढरा गणवेश स्वतः शिवला, आणि खिसा ठेवला नाही म्हणून मी रुसले होते.

लोकांसमोर कला दाखवायची तर सरांचे दंडक कडक होते. गणवेश घालून रस्त्याने हिंडायचं नाही, चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही. पट्टा सैल झाला तर समोरच्याकडे पाठ करून बांधायचा. लोकांकडे बघून हसायचं नाही, टाळ्या पडल्या तरी हात हलवायचा नाही. चुकलं तरी चुकल्याचा चेहरा करायचा नाही, कारण बघणाऱ्याला तुमच्या खंतेशी काही देणंघेणं नसतं. आणि समोर गोंगाट चालू असेल तर सुरूच करायचं नाही. उभं राहायचं. लोक गप्प होईपर्यंत उभं राहायचं. हे शेवटचं मला सगळ्यांत आवडलं. मला स्वभावतःच घाई करणारी माणसं सहन होत नाहीत.

आता मी शिकवते. एक वर्ग मलकापुरात आणि दुसरा कुंडलच्या पलीकडे, पलूस तालुक्यातल्या एका गावात. तिथे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी स्कूटीवर जाते. सगळ्या मुलीच आहेत. कुणाचे वडील उसाचा ट्रॅक्टर चालवतात, कुणाचं बांगड्यांचं दुकान आहे, कुणाची आई द्राक्षबागेत कामाला जाते. वर्ग शाळेच्या व्हरांड्यात भरायचा. फरशी कठीण होती, मुलींचे गुडघे सोलायचे, पण डोक्यावर पत्रा होता आणि मुख्याध्यापक भले होते. मग शाळेला त्या जागी नव्या खोल्या मंजूर झाल्या. मुख्याध्यापकांनी हात जोडून सांगितलं, "मॅडम, उन्हाळ्यानंतर जागा न्हाई बघा."

गावात दुसरी झाकलेली मोठी जागा एकच होती. तालीम. जुनी, जाड भिंतींची, मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याच्या तिन्ही बाजूंना रुंद कट्टे. एके काळी तिथे पहाटेपासून पोरं दंड-बैठका काढायची म्हणे. आता बहुतेक पोरं सांगलीला, इस्लामपूरला मॅटवर सराव करायला जातात, आणि तालमीत सकाळी चार-दोन जण सोडले तर कुणी नसतं. संध्याकाळी तर ती रिकामीच. पण तिची मुखत्यारी एका माणसाकडे होती. गावातले वस्ताद.

वस्ताद सत्तरीच्या पुढचे. दोन्ही कान फुटून मुडपलेले, मान खांद्यात शिरलेली, बोलणं थोडं. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते तालमीबाहेरच्या दगडावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आवं बाई, पोरींनी कुस्ती खेळू ने असं माझं म्हननं न्हाई. खेळत्यात की मॅटवर. चांगल्या खेळत्यात," ते म्हणाले. "पर ह्या मातीत आजवर कुनी बाई उतरली न्हाई. आन तुमचं त्ये कुस्ती बी न्हाई. कुठल्या मुलखातलं काय, आमाला ठावं न्हाई. टीव्हीवर बगितलं, नुसती वरडत्यात."

"मग तुमी परत्यक्ष बगा की वस्ताद."

ते पेपराची घडी घालत राहिले. "उरसात कुस्त्यांचं मैदान हाय. मोठ्या जोडीच्या आदी दाखवा. समद्या गावाम्होरं. मला पटलं तर तालीम तुमची. न्हाई पटलं तर पुन्यांदा इचारायचं न्हाई."

मी लगेच हो म्हटलं. मला माझ्या मुलींची खात्री होती. खास करून एकीची. ती कॉलेजात शिकणारी, उंच, हाडाने काटक पोरगी. तिच्या काळ्या पट्ट्याची परीक्षा जवळ आली होती. घरच्यांनी तिला गावात शिकायची मोकळीक दिली होती, पण संध्याकाळी गावाबाहेर जायचं नाही यावर ते ठाम होते. मलकापुरात माझ्याकडे येणं शक्य नव्हतं. म्हणजे तालीम मिळाली नाही तर इतर मुली कदाचित पुढेमागे कुठेतरी शिकल्या असत्या, पण तिचं कराटे तिथेच संपलं असतं. हे तिला माहीत होतं. तिने मला एवढंच विचारलं, "मॅडम, मातीत पाय रुततोय. वळायचं कसं?" मग आम्ही तिच्या शेतात नांगरलेल्या रानात सराव केला. तिचे वडील बांधावर उभे राहून, आपल्या ढेकळांचं काय होतंय ते बघत होते.

उरसाच्या दिवशी दुपारपासून मैदान भरलं होतं. ज्यांनी आमच्याकडचं कुस्तीचं मैदान पाहिलंय त्यांना सांगायला नको. चारी बाजूंनी उतरत्या बांधांवर माणसं, झाडांवर पोरं, ट्रॅक्टरच्या टपावर पोरं, मधे ताजी उकरलेली लाल माती, तिच्यात ताक-लिंबू-तेल मुरवलेलं, आणि हलगी थांबायचं नाव नाही. माइकवरचे निवेदक तर श्वास घ्यायला तरी थांबतात की नाही, शंका यावी. पैलवान, त्याचा बाप, त्याचा वस्ताद, त्याच्या गावचं पाणी, सगळ्याचं कौतुक एका दमात.

मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "मुली उभ्या राहिल्या की तुम्ही काही बोलू नका."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "मॅडम, मैदानात शांतता झाली की लोकांना वाटतंय कुनाला तरी लागलं."

"वाटू दे."

"आन मी काय करू?"

"तुम्हीपण बघा की. रोज दुसऱ्यांना सांगता, आज स्वतः बघा."

त्यांना ते आवडलं नाही, पण मान हलवली. गणवेशांचं एक वेगळंच प्रकरण झालं होतं. पांढरे कपडे आणि लाल माती हे ऐकूनच मुलींच्या आया माझ्यावर उखडल्या होत्या. एकजण म्हणाली, "तुमी धुवा मग." मी म्हटलं, धुते. लोकांना आमच्याकडे पांढऱ्यावर लाल डाग दिसले की गुलाल वाटतो, त्यात वाईट काय आहे?

मुलींनी मातीच्या कडेला चपला काढल्या. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की हे घर दुसऱ्याचं आहे, तेव्हा आधी त्या घरची रीत पाळायची. पैलवान करतात तशी दोघींनी वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला, आणि मग आमची रीत, कमरेत वाकून नमस्कार. मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. उंच पोरगी आणि तिची जोडीदारीण, बांगडीवाल्यांची मुलगी. समोरासमोर, हात मांड्यांना लावून, नजर एकमेकींच्या गळ्यावर.

आणि उभ्याच राहिल्या.

लोक आधी हसले. कुणी शीळ घातली. "आरं सुरू करा की!" "मोटरसायकल कुटं हाय?" निवेदक माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मुली हलल्या नाहीत. खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. दोन पोरी आणि एवढं मैदान, आणि घाई सगळी मैदानालाच. आधी हलगीवाला थांबला. त्याला आपोआप कळलं, वाजवणाऱ्याला कळतंच. मग पुढच्या बांधावरचे म्हातारे गप्प झाले, त्यांनी मागच्यांना दटावलं, आणि मैदान शांत झालं.

मुलींनी सुरू केलं.

आमच्यात जोडीने करायच्या ठरलेल्या चाली असतात. एकीने हल्ला करायचा, दुसरीने तो अडवून उलटा मारायचा, मग पाळी बदलायची. मारायचं ते पूर्ण जोराने, पण समोरच्याच्या अंगापासून बोटभर अलीकडे थांबवायचं. त्यातच सगळं कसब आहे. मारणं कुणालाही येतं. मुली सुरेख करत होत्या. माती पायाखालून उडत होती, आवाज बांधांवर आदळून परत येत होता. माझ्या हिशेबाने सगळं उत्तम चाललं होतं.

तेवढ्यात ट्रॅक्टरवरून कुणीतरी ओरडलं, "लागलंच न्हाई की रं!"

मग दुसरा. "हातच टेकत न्हाईत!" आणि मग तो शब्द आला, जो मी विसरले होते. मी इथलीच, मैदानं बघत वाढलेली, आणि तरी माझ्या डोक्यात तो आला नव्हता. "नुरा! नुरा हाय, नुरा!"

नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. कोण पडणार हे दोघांत ठरलेलं असतं, आणि लोक पैसे आणि दुपार घालवून ती बघतात. कुस्तीच्या मैदानात याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. नुरा खेळणाऱ्या पैलवानांना आमच्याकडे मैदानातून हाकलून दिलं जातं, आणि त्यांच्या वस्तादांना पुढची कैक वर्षं तोंड दाखवता येत नाही. आणि आमच्या चाली खरंच ठरलेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या. त्यांची किंमत त्यातच होती. पण हे त्या ट्रॅक्टरवरच्या पोरांना कोण सांगणार?

मुलींनी शेवटची चाल केली, मागे सरल्या, एकमेकींना नमस्कार केला. ओरडा वाढतच होता. खुर्च्यांच्या रांगेतून वस्ताद उठले, वहाणा काढल्या, मातीला हात लावून आत आले. सगळं मैदान त्यांच्याकडे बघायला लागलं.

"कोन जिकलं?" त्यांनी उंच पोरीला विचारलं.

"कुनीच न्हाई, वस्ताद."

"मग हारलं कोन?"

"कुनी न्हाई."

"ह्या मातीत असं चालत न्हाई, पोरी. हितनं निकाल घिऊन जावं लागतंय." त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. एखाद्या पाहुण्याला घरातला नियम सांगावा तसं ते सांगत होते. "लोकं नुरा म्हनत्यात. मी बी तेच म्हननार व्हतो. पर मघाधरनं तुजा हात बगतोय. थांबतोय त्यो, का पोचतच न्हाई, ह्येच कळंना." त्यांनी जोडीदारणीला बाजूला केलं आणि स्वतः तिच्या जागी उभे राहिले. "मला मार. सरळ तोंडावर. नाकाम्होरं थांबव. मग मी मानतो."

पोरीने माझ्याकडे बघितलं. शिकवणाऱ्याला विचारल्याशिवाय अशा आव्हानाला उत्तर द्यायचं नसतं. मैदान पुन्हा शांत झालं होतं. मी मान हलवली. आजही हलवीन. तो हात मी घडवला होता आणि तो थांबणार याची मला माझ्या श्वासाइतकी खात्री होती.

तिने नमस्कार केला. वस्तादांनी हात खाली सोडले. ती ओरडून निघाली आणि तिचा ठोसा सरळ त्यांच्या नाकाच्या दिशेने गेला, पूर्ण जोराने, आणि बोटभर अलीकडे थांबला.

पण वस्ताद थांबले नाहीत. पन्नास-साठ वर्षं मातीत घालवलेला माणूस, समोरून काही अंगावर आलं की मागे सरत नाही. तो पुढे घुसतो, समोरच्याला कवेत घ्यायला. त्यांनी मनाने ठरवलं होतं हलायचं नाही म्हणून, पण त्यांच्या अंगाला ते कुणी सांगितलं नव्हतं. ते पुढे सरले आणि थांबलेल्या मुठीवर स्वतःच नाक आपटून घेतलं.

रक्ताची धार लागली. मिशांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर.

आणि माझी पोरगी, माझी शिकवण हाडात मुरलेली पोरगी, एक पाऊल मागे सरली, वळली, आणि वस्तादांकडे पाठ करून मातीत गुडघे टेकून बसली. हात मांड्यांवर, मान ताठ.

मैदान पेटलं. गावच्या वस्तादांचं नाक फोडलं, एवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. पण रक्तबंबाळ म्हाताऱ्याला पाठ दाखवून बसली? "आरं ही मस्ती बगा!" "उठीव तिला!" "कान धराय लाव!" पोरं बांधांवरून खाली उतरायला लागली. त्या गोंगाटात एक विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगू. मघाशी निवेदकांनी माइकवरून माझं नाव घेतलं होतं, आणि माझ्या नावावरून मी कोणत्या घरची ते सगळ्यांना कळतं. उरूस पिराचा होता, संदल सगळं गाव मिळून उचलतं, तरी गर्दी ती गर्दी. मला त्या विचाराचाच संताप आला. मी चपला काढल्या, मातीला हात लावला आणि आत गेले.

पोरगी वळली नाही. मी तिच्याजवळून गेले आणि वस्तादांसमोर उभी राहिले. कुणीतरी त्यांना पंचा दिला होता, तो त्यांनी नाकाला धरला होता.

"ही पाठ का करून बसली?" त्यांनी विचारलं. पंच्यामुळे आवाज जड येत होता.

"आमच्यात तशी रीत हाय, वस्ताद. आपल्या हातनं समोरच्याला लागलं, तर त्याच्याकडं बगत उभं ऱ्हायाचं न्हाई. त्याला वेदना व्हत असत्यात, तोंड वाकडं व्हतं, डोळ्यांत पाणी येतं. त्ये ज्यानं मारलं त्यानं बगायचं नसतं. पाठ करून, गुडघं टेकून बसायचं. शिकवनारा उठ म्हनत न्हाई तवर उठायचं न्हाई." मी मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. मला माइक लागत नाही. "तिनं तुमचा अपमान केला न्हाई. तुमची अदब राखली."

वस्तादांनी पंचा बाजूला केला, त्याच्यावरचं रक्त बघितलं, मग खाली वाकून चिमूटभर माती घेतली आणि जखमेला लावतात तशी नाकाला लावली. पोरं मातीच्या कडेपर्यंत आली होती. वस्तादांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि पोरं जिथल्या तिथे उभी राहिली.

"तिचा हात थांबला हुता," ते म्हणाले. मग मैदानाकडे वळून मोठ्याने, "थांबला हुता रं! मीच फुडं सरलो. सांगितलं मी थांबव, आन सरलो मी!"

मला वाटलं, झालं. आता ते मला पोरीला उठवायला सांगतील. पण ते तिथेच उभे राहून काहीतरी विचार करत होते. मग त्यांनी मला विचारलं, "मंजे लागलं माज्यामुळं. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मग तुमच्या रितीपरमानं मी बी बसाय पायजे."

मी काही म्हणायच्या आत ते वळले. एक हात मातीवर टेकवून, आधी एक गुडघा, मग दुसरा, असे ते हळूहळू खाली बसले. पोरीकडे पाठ करून. तिची पाठ त्यांच्याकडे आणि त्यांची तिच्याकडे, मधे पाच-सहा हात लाल माती. ज्या माणसाला गावाने कुणापुढे खाली बसलेला कधी बघितला नव्हता, तो भर मैदानात एका कॉलेजातल्या पोरीची अदब राखून बसला होता, दोन्ही हात मांड्यांवर, तिच्यासारखेच.

त्यानंतर जी शांतता झाली तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही. निवेदक माइक छातीशी धरून उभे होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

पोरीला मागे काय चाललंय ते माहीत नव्हतं. तिला दिसत नव्हतं, आणि ती वळणार नव्हती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग वस्तादांचा आवाज आला, मान न वळवता, जरा दबकाच.

"आवं बाई. उठू का आता? गुडघं लय दुखाय लागल्यात."

तेव्हा मला उमगलं की ते माझ्यासाठी थांबलेत. उठवायचं काम माझं होतं. त्या मैदानात वस्तादांना उठ-बस करायला सांगणारं आजवर कुणी नव्हतं, आणि आता सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी सरळ उभी राहिले आणि वर्गात रोज सांगते तसा हुकूम दिला. "किरित्सु." उठा.

दोघं उठली. पोरगी चटकन, वस्ताद मातीवर हात टेकून. दोघं वळली. पोरीने तेव्हा पहिल्यांदा बघितलं, की तेही मातीने माखलेले गुडघे घेऊन उभे आहेत, आणि तिचा इतका वेळ आवरून धरलेला बांध एकदम फुटला. रडत रडतच ती कमरेत वाकली. वस्तादांनी तिच्याकडे बघून बघून तस्संच केलं, जरा अवघडून, हात मांड्यांना लावून.

निवेदकांना राहवलं नाही. त्यांचाही धर्म असतो. "वस्ताद," ते माइकवरून म्हणाले, "निकाल काय द्यायचा?"

वस्तादांनी नाकावरची माती झाडली.

"सोमवारपासनं पोरी तालमीत येतील," ते म्हणाले. "ह्यो निकाल. वाजवा आता हलगी."